ड्वोर्झाकचं डबल बासवालं क्विंटेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आमच्या घरी सहा-सात जण जमतात. चहा होतो आणि मग पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली एखादी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न बोलता ऐकायची असा नियम आहे. तो कोणीच पाळत नाही. ड्वोर्झाकचं जी मेजरमधलं स्ट्रिंग क्विंटेट लावलं त्या दिवशी तर दुसरा चहा टाकावा लागला तरी प्रश्न संपेनात. ते प्रश्न, आणि नंतर फोनवर आलेले काही, इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका ऐकणाऱ्याची आहेत, वादकाची नाहीत.

ही नेमकी कोणती रचना?

आंतोनिन ड्वोर्झाक (१८४१–१९०४) या चेक संगीतकाराचं स्ट्रिंग क्विंटेट, जी मेजर, ओपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) ७७. वाद्यं पाच: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो आणि एक डबल बास, म्हणजे या घराण्यातलं सर्वांत मोठं आणि सर्वांत खालच्या स्वरांचं वाद्य. १८७५च्या पहिल्या तीन महिन्यांत त्यानं ते प्रागमध्ये लिहिलं, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. आज वाजतं त्या रूपात चार मुव्हमेंट, म्हणजे स्वतंत्र भाग, आहेत आणि पूर्ण वाजायला साधारण ३५ मिनिटं लागतात.

‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीवाला ड्वोर्झाक तो हाच. पण ती सिंफनी १८९३ची, म्हणजे मध्ये १८ वर्षं आहेत. हे क्विंटेट लिहिणारा माणूस एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवून आणि शिकवण्या करून घर चालवत होता. प्रागबाहेर त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं.

स्ट्रिंग क्विंटेटमध्ये पाचवं वाद्य नेहमी डबल बासच असतो का?

नाही, आणि म्हणूनच ही रचना वेगळी पडते.

दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो हा चौघांचा साचा, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेट, १८व्या शतकाच्या उत्तरार्धात हायडनच्या हातून पक्का झाला. त्यात पाचवा माणूस आणायचा तर कोणता, यावर पुढचं सगळं ठरतं. मोझार्टनं दुसरा व्हिओला घेतला. त्याला स्वतःला व्हिओला वाजवायला आवडायचं, आणि त्यामुळे मधला पट्टा दाट झाला. शुबर्टनं १८२८मध्ये, मरणाच्या काही आठवडे आधी, दुसरा चेलो घेतला, आणि ते सी मेजर क्विंटेट या प्रकाराचं शिखर मानलं जातं. बोक्केरिनी स्वतः चेलोवादक होता. त्यानं दोन चेलोंची शंभराहून अधिक क्विंटेट लिहिली.

डबल बास घेणारे मात्र थोडे. जॉर्ज ओन्स्लो या फ्रेंच संगीतकाराची गोष्ट सांगतात: त्याच्या क्विंटेटचा दुसरा चेलोवादक आयत्या वेळी आलाच नाही. त्या काळचा सर्वांत नावाजलेला बासवादक ड्रागोनेत्ती तिथे हजर होता. तो भाग त्यानं डबल बासवर वाजवावा, असं कोणीतरी सुचवलं. ओन्स्लोनं आधी ठाम नकार दिला, आणि वाजवून झाल्यावर तोच सगळ्यात खूश होता. पुढे आपल्या क्विंटेटमध्ये दुसऱ्या चेलोच्या जागी डबल बास चालेल अशी सोयच त्यानं करून ठेवली.

ड्वोर्झाकच्या बाबतीत असा अपघात नव्हता. त्यानं पहिल्यापासून बासच धरला होता.

पण डबल बासनं एवढा काय फरक पडतो? तो मागे उभा राहून घुमतच तर असतो.

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्वार्टेटमधला चेलो म्हणजे घरखर्च चालवणारा थोरला मुलगा. त्याला गाता येतं, गळा तर चौघांत सर्वांत भरदार त्याचाच, पण महिन्याची पहिली तारीख त्याला चुकवता येत नाही. स्वरमेळाचा सर्वांत खालचा स्वर त्यालाच धरावा लागतो. तो वर गायला गेला की तळ मोकळा पडतो. क्वार्टेट लिहिणारे हा पेच नाना युक्त्यांनी सोडवतात, पण पेच राहतोच.

डबल बास आला की ही जबाबदारी एक मजला खाली सरकते आणि चेलो मोकळा होतो. ओपस ७७मध्ये तो वारंवार वरच्या सप्तकात जाऊन गातो, व्हिओलाशी जोडी जमवतो, कधी पहिल्या व्हायोलिनची धून खालून उचलतो. म्हणजे डबल बासमुळे खरी चैन झाली आहे ती चेलोची. बासवादकाला यात मिरवायला फारसं काही नाही. ही रचना ऐकून “बासचा सोलो कुठे आहे?” असं विचारणाऱ्यांची निराशा होते.

दुसरा फरक अंगाला जाणवतो. मुंबईत एका छोट्या सभागृहात एकदा मला पहिल्या रांगेत, बासच्या बरोबर समोर, जागा मिळाली होती. एरवी ती जागा मी बदलून घेतली असती. वादक उंच स्टुलावर टेकून बसला होता, हातातला गज व्हायोलिनच्या गजापेक्षा आखूड आणि चांगलाच जाड. वाद्याच्या बुडाची लोखंडी खुंटी स्टेजच्या लाकडात रुतलेली. त्यानं खालच्या तारेवर गज ओढला तेव्हा तार एका जागी दिसेनाशी झाली, तिच्या दोन्ही बाजूंना नुसती धूसर पट्टी उरली. आणि स्वर कानाच्या आधी तळव्यांना कळला. चपला काढून बसावं असं मनात आलं होतं, पण शेजारी एक बऱ्यापैकी औपचारिक बाई होत्या.

बोटानं तार छेडली तर व्हायोलिनचा स्वर टिचकी मारल्यासारखा लगेच विझतो. बासचा मात्र रेंगाळतो, पुढच्या मात्रेपर्यंत हवेत राहतो. पाच जणांच्या वादनाला जो डौल येतो तो बऱ्याच अंशी या रेंगाळण्यातून येतो.

आणि एक गोष्ट जी मला तिसऱ्या-चौथ्या वेळी कळली: बास वाजतो तेव्हाच नाही, तो थांबतो तेव्हाही ऐका. तो सारखा वाजत नसतो. काही ओळी तो गप्प बसतो आणि खालचा आधार निघून गेल्यावर उरलेले चौघे एकदम हलके, जरा अधांतरी वाटू लागतात. मग तो परत येतो, आणि जमीन लागते.

मला तर बास ऐकूच आला नाही. रेकॉर्डिंग खराब आहे का?

फोनवर ऐकलंत ना?

डबल बासची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर बोलते. चेलोची खालची तार ६५च्या आसपास, व्हायोलिनची १९६. आपल्या हिशेबात सांगायचं तर काळी एकमध्ये गाणाऱ्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या जवळ येते, म्हणजे बास तिच्याहीपेक्षा बराच खाली उतरतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला हे स्वर पेलत नाहीत. त्यातून येतात ते वरचे उपस्वर आणि मेंदू उरलेलं जमेल तसं भरून काढतो. लॅपटॉपही त्यातलाच.

साधे पण कानात नीट बसणारे इअरफोन घेतले तरी चित्र बदलतं. घरात मोठे स्पीकर असतील तर ते भिंतीच्या कोपऱ्यात मात्र ठेवू नका, बास फुगतो आणि सगळं गडगडायला लागतं. आमच्याकडे पहिल्यांदा तसंच झालं होतं. वरच्या मजल्यावरून निरोपही आला.

त्याला डबल बास घ्यावासा का वाटला?

त्याचं स्वतःचं स्पष्टीकरण माझ्या वाचनात नाही, पण त्याच्या आयुष्याकडे पाहिलं की आश्चर्य वाटत नाही. १८६२पासून १८७१पर्यंत ड्वोर्झाक प्रागच्या प्रोव्हिजनल थिएटरच्या वाद्यवृंदात व्हिओला वाजवत होता. १८६६पासून तिथला मुख्य कंडक्टर होता चेक संगीतकार स्मेताना. थिएटरच्या आधी ड्वोर्झाक ज्या बँडमध्ये होता तो प्रागच्या खाणावळींमधून आणि कॅफेंमधून वाजवायचा. म्हणजे तरुणपणातली जवळजवळ दहा वर्षं हा माणूस वाद्यवृंदाच्या ऐन मध्यभागी बसून होता. वरून व्हायोलिनची धून, खालून बासचा घुमारा आणि मध्ये आपण. चौघांचं क्वार्टेट लिहितानाही त्याच्या कानात तो तळ असणार.

शिवाय प्राग हे बासवाल्यांचं शहर. तिथलं कॉन्झर्व्हेटरी १८११मध्ये सुरू झालं आणि पहिल्यापासून डबल बास शिकवायला तिथे वाक्लाव हाउझे होता. पुढे त्याच शाळेतून फ्रान्झ सिमांडल तयार झाला. त्यानं डबल बास शिकण्यासाठी लिहिलेलं पुस्तक आजही जगभरचे विद्यार्थी घोकतात. चांगला बासवादक शोधायला ड्वोर्झाकला लांब जावं लागलं नसतं.

हे क्विंटेट एका स्पर्धेसाठी लिहिलं होतं म्हणतात. खरं का?

खरं. प्रागमध्ये ‘उमेलेत्स्का बेसेदा’ नावाची कलावंतांची संस्था होती, १८६३मध्ये स्थापन झालेली. चेक लेखक, चित्रकार, संगीतकार तिथे जमत. तिनं घेतलेल्या चेंबर संगीताच्या स्पर्धेत रचना निनावी पाठवायची होती, नावाऐवजी एक बोधवाक्य लिहून. ड्वोर्झाकनं लिहिलं, ‘स्वेमू नारोदू’, म्हणजे ‘आपल्या राष्ट्राला’.

हे तेव्हाच्या प्रागमध्ये सहज लिहिलं जाणारं वाक्य होतं आणि तरीही पोकळ नव्हतं. शहर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात, कचेरीची आणि प्रतिष्ठेची भाषा जर्मन, आणि चेक लोक वर्गणी काढून आपलं राष्ट्रीय नाट्यगृह बांधत होते. १८६८मध्ये पायाभरणी झाली, पडदा उघडायला १८८१ उजाडलं. त्या मधल्या वर्षांत लिहिलेलं हे संगीत आहे. मात्र त्यात झेंडे फडकत नाहीत. एखादी लोकधून जशीच्या तशी उचललेली नाही. चेकपणा दिसतो तो लयीच्या उड्यांमध्ये.

बक्षीस मिळालं. पाच डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. त्याच सुमारास ऑस्ट्रियन सरकारची गरजू कलावंतांसाठी असलेली शिष्यवृत्तीही त्याला मिळाली, ४०० गिल्डर. पदरी एक लहान मूल असताना त्या दोन रकमांपैकी घराला कोणती जास्त उपयोगी पडली असेल हे सांगायला नको. १८ मार्च १८७६ रोजी त्याच संस्थेच्या कार्यक्रमात हे क्विंटेट पहिल्यांदा लोकांसमोर वाजलं.

ओपस ७७ म्हणजे बरीच उशिराची रचना असणार ना?

इथे भलेभले फसतात. रचना १८७५ची, तिचा मूळ क्रमांक १८. छापली गेली १८८८मध्ये आणि तेव्हा ती ७७ झाली.

भानगड बर्लिनच्या झिम्रॉक या प्रकाशकाची. जर्मन संगीतकार ब्राम्सनं शिफारस केल्यावर झिम्रॉकनं ड्वोर्झाकच्या रचना छापायला घेतल्या, १८७८मधल्या ‘स्लाव्होनिक डान्सेस’नं दोघांचंही भलं केलं, आणि मग जुन्या पेटीतली बाडंही विकत घेतली गेली. पण जुनी रचना जुन्या क्रमांकानं विकली तर गिऱ्हाइकाला ती शिळी वाटेल. म्हणून झिम्रॉकनं वरचे क्रमांक चिकटवले. १८७५चीच एफ मेजर सिंफनी ७६ झाली, आपलं क्विंटेट ७७, १८७७ची ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’ ७८, १८७६चं ई मेजर क्वार्टेट ८०. ड्वोर्झाकला हे आवडलं नव्हतं. मुखपृष्ठावर ‘अँटोन’ असं जर्मन नाव छापण्यावरूनही त्याचे प्रकाशकाशी खटके उडायचे. अर्थात तोही काही कमी नव्हता. करार चुकवून दुसऱ्या प्रकाशकाला काही द्यायचं असलं की नव्या रचनेला जुना क्रमांक लावून तो मोकळा व्हायचा.

तात्पर्य इतकंच की क्रमांक पाहून ‘प्रगल्भ काळातली रचना’ असं काही कुठे लिहिलेलं दिसलं तर हसून पुढे जा.

काही रेकॉर्डिंगमध्ये चार मुव्हमेंट आहेत आणि काहींमध्ये पाच. कुठलं बरोबर?

दोन्ही. स्पर्धेला पाठवलं तेव्हा पाच होत्या. दुसऱ्या क्रमांकावर ‘इंटरमेझो’ नावाची संथ मुव्हमेंट होती. पुढे ड्वोर्झाकला वाटलं की एका रचनेत दोन संथ मुव्हमेंट जास्त होतात आणि छापताना ती गळली.

या इंटरमेझोचा प्रवास मोठा मजेदार आहे. मुळात ती १८७०च्या ई मायनर क्वार्टेटमधली. त्या काळात ड्वोर्झाक जर्मन ऑपेराकार वाग्नरच्या नादी लागला होता. नंतर त्याला त्या क्वार्टेटचा इतका तिटकारा आला की त्यानं मूळ हस्तलिखित नष्ट केलं. वादकांच्या सुट्या प्रती उरल्या म्हणून आज ते ऐकता तरी येतं. पण मधला संथ तुकडा त्याच्या मनातून जाईना. तो त्यानं क्विंटेटमध्ये घातला, तिथून काढला, आणि शेवटी १८८३मध्ये ‘नॉक्टर्न’, ओपस ४०, म्हणून स्वतंत्र छापला. एकच तुकडा तीन घरं फिरला.

तुम्ही तानपुऱ्याच्या सुरात वाढलेले असाल तर हा तुकडा चुकवू नका. स्वर बी मेजर, पण खालचं वाद्य बराच वेळ एफ शार्पवर बसून राहतं, म्हणजे षड्ज सोडून पंचम धरून. वर स्वरमेळ बदलत जातात, धून सरकते, आणि खाली पंचम हलत नाही. शेवटी तो सुटतो तेव्हा खोलीतला पंखा बंद झाल्यावर जसं वाटतं तसं काहीसं होतं.

मी स्वतः काय करतो? क्विंटेट चार मुव्हमेंटचंच ऐकतो. ड्वोर्झाकचा निर्णय बरोबर होता. नॉक्टर्न वेगळं, रात्री उशिरा.

पहिल्यांदा ऐकतोय. कुठून सुरुवात करू?

तिसऱ्या मुव्हमेंटपासून. हे शास्त्राला धरून नाही, पण चालतं.

तिसरी म्हणजे ‘पोको आंदान्ते’, सी मेजर. लांब, सावकाश उलगडणारी धून. ती घाई करत नाही आणि रडतही नाही. पहिल्यांदा ऐकताना व्हायोलिनच्या मागे जा. संपली की लगेच परत लावा आणि आता व्हायोलिनकडे दुर्लक्ष करून फक्त बास ऐका, तो किती कमी वाजवतो ते पाहा. तिसऱ्यांदा चेलो. तिन्ही वेळा वेगळी रचना ऐकल्यासारखं वाटेल. इतकं झालं की उरलेली रचना फारशी परकी राहत नाही.

मग दुसरी, स्केर्झो, ई मायनर. तीन मात्रांची चाल, नाचाची, पण नुसती आनंदी नाही. खाली सतत काहीतरी अस्वस्थ चालू असतं. ड्वोर्झाकच्या पुढच्या स्लाव्होनिक नृत्यांची चाहूल मला इथे लागते. या मुव्हमेंटमध्ये पाच जण पन्नास वाटतात, आणि ते बासमुळे.

पहिल्या मुव्हमेंटची सुरुवात दबक्या आवाजात, खालच्या वाद्यांच्या अंगानं होते. ऐकणाऱ्याला वाटतं आता काहीतरी गंभीर येणार. तसं काही येत नाही. एका मात्रेत तीन स्वर बसवलेली एक छोटी आकृती उसळी मारून वर येते आणि मग ती जवळजवळ सगळ्या मुव्हमेंटभर या ना त्या वाद्यात दिसत राहते. ती एकदा कानात बसली की लपंडाव सुरू होतो: आता व्हिओलात, आता बासमध्ये.

शेवटची ‘आलेग्रो असाय’ वेगवान, खुशीची. तिच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

आम्ही राग-तालवाले. यात सम कुठे शोधायची?

सम शोधू नका, षड्ज शोधा.

आपल्याकडे षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत हलत नाही, बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. इथे षड्जच हलतो. पहिली मुव्हमेंट जी मेजरमध्ये सुरू होते, पण दुसरी धून येईपर्यंत घर बदललेलं असतं. मधल्या भागात तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन भटकंती चालते, आणि शेवटाकडे पहिली धून परत जीमध्ये येते. ख्यालात लांबची तान घेऊन गायक मुखड्यावर येतो तेव्हा श्रोते मान डोलावतात, तसा सुटल्याचा भाव इथे या परतीच्या जागी असतो. फरक असा की ती जागा एका मुव्हमेंटमध्ये एकदाच येते आणि तिची वाट बरीच मिनिटं पाहावी लागते.

षड्ज कधी हलला हे कळायला सर्वांत सोपी खूण म्हणजे बास. वरची चार वाद्यं काहीही करोत, नजर तळावर ठेवा. बहुतेक वेळा घर बदलल्याची बातमी तिथूनच येते.

ड्वोर्झाक, द्वोरझाक की ड्वोराक?

चेक ‘द’ दंत्य आहे, म्हणून ‘द्वोर्झाक’ जास्त जवळचं. पण आपल्याकडे ‘ड’ रुळला आहे, तोच मीही लिहितो. मधलं अक्षर म्हणजे ‘र’ आणि एक घर्षणाचा ‘झ’ एकाच वेळी म्हणायचे. चेक मुलांनाही ते सर्वांत शेवटी जमतं. आपला ना ‘झाड’मधला झ तिथे चालतो ना ‘झेंडा’मधला. ‘ड्वोराक’ तेवढं टाळा.

इतकं चांगलं आहे तर फारसं वाजत का नाही?

कारण मुख्यतः व्यवहाराचं. क्वार्टेट म्हणजे वर्षानुवर्षं एकत्र राहणारे चौघे. त्यांना पाहुणा व्हिओलावादक किंवा चेलोवादक सहज मिळतो, आणि दोन व्हिओलांची किंवा दोन चेलोंची उत्तमोत्तम क्विंटेट हाताशी आहेत. बासवादक बहुधा एखाद्या मोठ्या वाद्यवृंदात नोकरीला, त्याच्या तारखा वेगळ्या, आणि त्याचं वाद्य विमानातून न्यायचं म्हणजे वेगळाच संसार. या एका रचनेसाठी ती उस्तवार कोण करणार?

शिवाय ड्वोर्झाकची स्पर्धा ड्वोर्झाकशीच आहे. पियानो क्विंटेट ओपस ८१, ‘अमेरिकन’ क्वार्टेट, आणि १८९३च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या स्पिलव्हिल या चेक वस्तीच्या गावी लिहिलेलं दोन व्हिओलांचं क्विंटेट ओपस ९७. कार्यक्रमात एकच ड्वोर्झाक घ्यायचा तर हीच नावं पुढे येतात.

यात काही उणं नाही का? तुम्ही नुसतं कौतुकच करताय.

आहे. पहिल्या मुव्हमेंटमधली ती तीन स्वरांची आकृती ड्वोर्झाकनं फार राबवली आहे. पाचव्या-सहाव्यांदा ऐकताना “कळलं, कळलं” असं म्हणावंसं वाटतं. शेवटची मुव्हमेंट तिच्यातल्या मजकुराच्या मानानं लांब आहे. आणि दुसऱ्या व्हायोलिनला काम पुष्कळ, बोलायला कमी. ओपस ९७मध्ये पाचही जण गप्पा मारतात. इथे अजून दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात.

तिसरी मुव्हमेंट मात्र कशाच्याही शेजारी ठेवा. त्या बाबतीत मी तडजोड करणार नाही.

आपल्याकडे डबल बास वाजवणारे आहेत का?

आहेत, आणि होतेच. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन, चेलो, डबल बास वाजवणाऱ्यांमध्ये गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते. चर्चमध्ये आणि गावच्या शाळांमध्ये स्वरलेखन वाचायला शिकलेले हे लोक मुंबईत आले, रात्री हॉटेलांत जॅझ आणि दिवसा स्टुडिओत गाणी. जुन्या गाण्यांत तालाखाली जो गोल, छेडलेला ठोका ऐकू येतो तो पुष्कळदा डबल बासचा असतो. म्हणजे हे वाद्य आपल्या कानांना नवीन नाही, फक्त नाव ठाऊक नव्हतं. प्रत्यक्ष पाहायचा असेल तर मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६मध्ये स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या मोसमात एखादा कार्यक्रम गाठा आणि उजव्या बाजूची जागा घ्या. बास बहुधा त्याच बाजूला उभे असतात.

रेकॉर्डिंग कोणतं घ्यावं? आणि स्वरलेखन मिळेल का?

मी पानोखा क्वार्टेटचं ऐकतो. प्रागचेच लोक, स्केर्झोमधल्या उड्या त्यांना शिकाव्या लागत नाहीत. पण रेकॉर्डिंग निवडताना माझी कसोटी एकच: पोको आंदान्तेची पहिली दोन मिनिटं लावायची. बास वेगळा ऐकू आला पाहिजे, चेलोची सावली म्हणून नाही. तसं नसेल तर पुढचं.

स्वरलेखन आयएमएसएलपी या स्वरलेखनांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं, ड्वोर्झाकच्या रचनांवरचे हक्क केव्हाच संपले आहेत. वाचता येत नसलं तरी पाच ओळी डोळ्यांसमोर ठेवून ऐका. सर्वांत खालची ओळ बासची. ती जिथे रिकामी आहे तिथे बोट ठेवून थांबा. आणि लक्षात असू द्या, बासचे स्वर लिहिलेत त्याच्या एक सप्तक खाली वाजतात. आमच्या गटातल्या एका इंजिनिअर गृहस्थांनी यावरून छपाईत चूक आहे असा अर्धा तास वाद घातला होता.

हे आवडलं तर पुढे काय?

रॉसिनीनं वयाच्या बाराव्या वर्षी, १८०४मध्ये, दोन व्हायोलिन, चेलो आणि डबल बाससाठी सहा सोनाटा लिहिले. व्हिओला नाहीच. पोरसवदा, खट्याळ आणि बासला भरपूर काम. मग शुबर्टचं ‘ट्राउट’ क्विंटेट, १८१९, पियानोसह. तिथेही बास आला की चेलो कसा सुटतो ते आता तुम्हाला ओळखू येईल. आणि मोझार्टचं ‘आइने क्लाइने नाख्टम्युझीक’ मोठ्या वाद्यवृंदाऐवजी पाच जणांनी वाजवलेलं शोधा. लिफ्टमध्ये आणि फोनच्या रिंगटोनमध्ये ऐकून विटलेली ती रचना पाच माणसांत, खाली एकट्या बाससह, धुवून वाळत घातल्यासारखी वाटते.

मुव्हमेंट संपल्यावर टाळ्या वाजवल्या तर चालतं का?

हल्लीचा रिवाज सगळं संपेपर्यंत थांबण्याचा आहे. ड्वोर्झाकच्या काळात लोक इतके शिस्तीचे नव्हते. स्केर्झोनंतर हात आपोआप उचलले गेले तर मी तरी तुमच्याकडे वळून बघणार नाही.